आतल्या रस्त्यावरच्या मेडिकलवाल्यांस

पनवेल तालुक्यातल्या गावोगावच्या औषध दुकानदार बंधू-भगिनींनो,



खारघर-कामोठ्याच्या एकेका चौकात चार-चार मेडिकल असतात. एक बंद पडलं तर गिऱ्हाईक रस्ता ओलांडून समोरच्यात जातं. हे पत्र त्यांना नाही, तुम्हाला आहे. नेऱ्यापासून आत धोदाणीच्या अंगाला, आपटा-गुळसुंद्याच्या पट्ट्यात, कर्नाळ्याच्या पुढे ताऱ्याकडे ज्यांची दुकानं आहेत त्यांना. तुमचं शटर खाली आलं की पुढचं मेडिकल गाठायला एसटीची वाट बघावी लागते, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसावं लागतं. तुमच्या पाटीवर ‘मेडिकल अँड जनरल स्टोअर्स’ असतं, कारण नुसत्या गोळ्या-सिरपवर महिना निघत नाही. म्हणून एका कोपऱ्यात इन्सुलिनचा फ्रीज आणि शेजारच्या फळीवर बिस्किटं, साबण, बाळांचे डायपर. यात कमीपणा काहीच नाही. हे दुकान चालू राहावं असं मला मनापासून वाटतं. ते बंद पडेल याची भीतीही वाटते, म्हणून लिहिते आहे.

पनवेलला औषधाचा धंदा नवा नाही. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथे श्री धूतपापेश्वरची सुरुवात केली आणि पनवेलचं औषध देशभर जाऊ लागलं. आता इथून विमानं जातात. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रवासी वाहतूक सुरू झाली. सिडकोच्या नैना या नव्या शहराच्या प्रकल्पाचे नकाशे शिवारांपर्यंत येऊन पोचले. जमिनीचा भाव चढला की गाळ्याचं भाडं चढतं. औषधाच्या दुकानाला कायद्यानं किमान दहा चौरस मीटर जागा लागते, टपरीत ते थाटता येत नाही. त्यामुळे भाड्याचा चटका तुम्हाला बसतोच. पण मला विचाराल तर तुमचं मोठं दुखणं वेगळं आहे.

तुमचं बांधलेलं गिऱ्हाईक सुटत चाललं आहे. ज्याला बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला लागतात, जो कामाला पनवेल-बेलापूरला जातो, ज्याच्या फोनवर ॲप आहे, तो आपली औषधं सवलतीत बाहेरून आणतो. त्याला मी दोष देणार नाही. हजाराच्या औषधांत दोनशे वाचत असतील तर कुठलाही संसारी माणूस तेच करील. मागे कोण उरतं? रात्री तापानं फणफणलेलं मूल घेऊन येणारी आई. पट्टीतल्या तीनच गोळ्या कापून मागणारा कातकरी मजूर. भात विकल्यावर उधारी फेडणारा शेतकरी. यांना तुमच्यावाचून दुसरं कुणी नाही आणि नेमकं यांच्यावर तुमचं दुकान चालत नाही. महिन्याची औषधं नेणाऱ्यांकडून जे सुटत होतं, त्यातून तुम्ही आजवर या लोकांसाठी शटर उघडं ठेवत होता. ते सुटायचं थांबलं की दुकान बंद होणार. त्याची किंमत सवलत घेऊन गेलेला माणूस मोजणार नाही, वाडीवरचा माणूस मोजेल. दोघांची एकमेकांशी ओळखही नसेल. सवलतीच्या जाहिरातीत हा खर्च कुठेच लिहिलेला नसतो.

औषधात फार नफा असतो, ही लोकांची समजूत पक्की आहे. म्हणून थोडा हिशेब. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे अत्यावश्यक यादीतल्या औषधाची कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के धरतात आणि तेही खरेदीच्या किमतीवर. म्हणजे कर सोडून १०० रुपये कमाल किंमत असलेल्या औषधामागे तुमच्या हाती १३ रुपये ७९ पैसे. यादीबाहेरच्या औषधांवर रूढीनं २० टक्के. त्यातच भाडं, वीज, फार्मासिस्टचा पगार, स्टॉकिस्टनं परत न घेतलेला एक्सपायरीचा माल आणि बुडालेली उधारी. यातून कुणी २० टक्के सवलत देऊन दाखवावी. मोठ्या कंपन्या ती देतात, कारण त्यांची खरेदी प्रचंड असते, स्वतःच्या ब्रँडचा माल असतो आणि तोटा सोसायला मागे गुंतवणूकदार उभा असतो. २०२० मध्ये नेटमेड्सचा मोठा हिस्सा रिलायन्सनं घेतला, २०२१ मध्ये वनएमजीचा टाटांनी. तुम्ही ज्यांच्याशी स्पर्धा करता ते आता बाजारपेठेतलं पलीकडचं दुकान राहिलेलं नाही.

या स्पर्धेला नियम घालायचं काम सरकारचं. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रानं ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा काढला. त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं विनापरवाना ऑनलाइन औषधविक्रीला मनाई केली. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे परवानाधारक दुकानांना घरपोच औषध द्यायची मुभा मिळाली. मसुदा मात्र वर्षानुवर्षं मसुदाच राहिला. तुमच्या अखिल भारतीय संघटनेनं २८ सप्टेंबर २०१८ ला देशभर बंद पाळला. नियम करा ही मागणी रास्तच होती. पण बंद हे हत्यार खेड्यात उलटं लागतं. शहरातला माणूस आदल्या दिवशी औषध आणून ठेवतो. वाडीवरून पायी उतरून आलेल्या माणसाला मात्र बंद शटर पाहिल्यावरच बंद कळतो. तुमची बाजू मांडायला दुसरी जागा हवी. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

त्याआधी, तुम्हाला वाचवायचं ते कशासाठी? जवळ आहात एवढ्यासाठी? तेवढंच कारण असेल तर उद्या कंपनीची गाडी वाडीपर्यंत येईल आणि वाद मिटेल. मला त्याहून मोलाचं वाटतं ते तुमच्या डोक्यात असलेलं गाव.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी जीव वाचवते. ‘द लॅन्सेट’नं त्यांचं काम छापलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या उपचारात सगळं महत्त्व वेळेचं आहे: गोळी लवकर पोटात जायला हवी. आता असा विचार करा की एखादं औषध महिनोन्‌महिने कुणी मागत नाही, तरी डॉक्टरांना लागेल तेव्हा हाताशी असावं म्हणून तुम्ही एक पट्टी आणून ठेवता. ती मुदत संपून जाते, तुम्ही दुसरी आणता. हा तोटा तुम्ही गावासाठी सोसता आणि तो कुठल्याच वहीत गावाच्या नावे लिहिला जात नाही. शहराबाहेरचं गोदाम खपावर चालतं. धोदाणीत कधी काय लागतं याचं गणित त्याच्याकडे नाही.

दुसरं उदाहरण ताजं आणि फार दुःखाचं आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ हे खोकल्याचं औषध पिऊन वीसहून अधिक लहान मुलं दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघालं. अत्यवस्थ मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. आपल्या अन्न व औषध प्रशासनानंही त्या औषधाच्या एसआर-१३ या बॅचचा वापर थांबवा, साठा असेल तर कळवा, असा इशारा काढला. असा इशारा मुंबईतून निघतो आणि वर्तमानपत्रात येतो. ज्या घरात ती बाटली फळीवर अर्धी उरलेली असते, तिथे वर्तमानपत्र येत नाही. ती बाटली कुणाच्या घरी गेली हे सांगू शकतो एकच माणूस, ज्यानं ती विकली तो. संध्याकाळी दुकान बंद करून चार घरी जाऊन बाटल्या परत आणणं तुम्हालाच शक्य आहे.

मात्र त्यासाठी बिल फाडलेलं हवं, त्यावर बॅच नंबर हवा. इथून पुढे मी जे लिहिणार आहे ते कडू लागेल. पण छिंदवाड्यात ती बाटलीही तिथल्या मेडिकलमधूनच विकली गेली होती, हे विसरून तुमची बाजू घेता येणार नाही.

भिंतीवर ज्याचं प्रमाणपत्र लटकतं तो फार्मासिस्ट कित्येक दुकानांत दिसतच नाही. सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्यानं घ्यायचं आणि काउंटरवर दहावी झालेला भाचा उभा करायचा, ही रीत तुम्हालाही माहीत आहे. २०१२ च्या सुमाराला अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी ‘दुकान उघडं तेव्हा फार्मासिस्ट हजर आणि प्रत्येक विक्रीला बिल’ असा आग्रह धरला. तेव्हा राज्यभर केमिस्ट रस्त्यावर आले. फार्मासिस्टचा पगार परवडत नाही, हे गाऱ्हाणं छोट्या दुकानाच्या बाबतीत खरं होतं. पण ते गाऱ्हाणं ‘फार्मासिस्टच नको’ इथवर जायला नको होतं. भाच्यात आणि ॲपच्या पोऱ्यात गिऱ्हाइकानं फरक का करावा? दोघंही चिठ्ठी वाचून डबा काढून देतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना तापाला अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या देणं, अंगदुखीला स्टेरॉइड सरकवणं, छापील किंमत खरेदीच्या कितीतरी पट असलेला जेनेरिक माल अडाणी माणसाला पूर्ण किमतीला देणं, हे जिथे चालतं तिथे तुमच्या बाजूनं बोलणाऱ्याची जीभ अडखळते. जो हे करत नाही त्याचं नावही यातच बुडतं. दुकानात जाणकार माणूस बसला आहे, तो दोन औषधं एकत्र घेऊ नका म्हणतो, डॉक्टरांना फोन करून विचारतो, टीबीची औषधं सुरू झालेल्या रुग्णाची नोंद २०१८ च्या आदेशाप्रमाणे आरोग्य खात्याला कळवतो. असं दुकान गाव सहजासहजी जाऊ देणार नाही.

आणि त्या जाणकार माणसाचा पगार एकट्या तुमच्या १३ रुपये ७९ पैशांतून निघावा असं म्हणणंही अन्यायाचं आहे. कायद्याला खेडं दिसतं ते फक्त सूट देण्यापुरतं. औषध नियमांच्या परिशिष्ट ‘के’मध्ये तरतूद आहे की हजारापेक्षा जास्त वस्ती नसलेल्या आणि परवानाधारक दुकान नसलेल्या गावात काही घरगुती औषधं विनापरवाना विकता येतात. किराणावाल्याला पॅरासिटॅमॉल विकू द्यायचं एवढी खेड्याची कल्पना. त्या गावाजवळ फार्मासिस्ट टिकावा म्हणून मात्र एक ओळ नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१६ पासून एक योजना आहे. पुढचं औषध दुकान मैलभर किंवा त्याहून लांब असेल तर अशा दुकानाला सरकार जादा पैसे देतं. तिथली व्यवस्था वेगळी आहे, दुकानांचं बरंचसं उत्पन्नच सरकारी आरोग्य सेवेतून येतं, त्यामुळे ती योजना उचलून इथे लावता येणार नाही. पण अंतर पाहून मदत ठरवायची ही दृष्टी आपल्यालाही हवी.

आपल्याकडे अशी मदत प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडून आणता येईल असं मला वाटतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी आरोग्य संस्थांत उपचार मोफत झाले. औषध खरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. एवढं होऊनही साठा संपला की रुग्णाच्या हातात ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी येते आणि ती घेऊन तो तुमच्याच दारात येतो, खिशात पैसे असोत वा नसोत. नेरे किंवा आपटा केंद्रातून आलेल्या अशा चिठ्ठीवरचं औषध तुम्ही रुग्णाला फुकट द्यावं, बिल जिल्हा परिषदेनं भरावं. दर आधी ठरलेला, औषध जेनेरिक, आणि करारात एकच अट जाड अक्षरात: पैसे तीस दिवसांत. सरकारी बिल आठ महिने अडकलं तर मदतीच्या नावाखाली तुमचंच दुकान बुडेल. फार्मासिस्ट हजर नसेल तर करार रद्द, हेही त्यातच लिहावं.

दुसरी गोष्ट गावाच्या हातातली. बऱ्याच ग्रामपंचायतींचे स्वतःचे गाळे असतात आणि लिलावात ते जास्त बोली लावणाऱ्याला जातात. विमानतळामुळे आता बोली लावणारे पुष्कळ येतील. ज्या गावात एकच मेडिकल आहे तिथे त्यासाठी एक गाळा ठरलेल्या कमी भाड्यानं राखून ठेवायचा ठराव ग्रामसभा करू शकते. आठवड्यातून काही रात्री फोन केल्यावर दुकान उघडायचं, ही त्याच्या बदल्यातली अट.

तुमची बाजू मांडायची जागा म्हणाले ती ही ग्रामसभाच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जी ग्रामसभा आधी येईल तिला उभे राहा. येताना वही आणा: महिन्याला आरोग्य केंद्राच्या किती चिठ्ठ्या येतात, रात्री किती वेळा शटर वर करावं लागतं, एक्सपायरीत किती गेलं, उधारी किती थकली, किती घरांनी महिन्याची औषधं तुमच्याकडून घेणं सोडलं. हे आकडे तुमच्याखेरीज कुणाकडे नाहीत आणि आजवर ते कुणी मागितलेही नाहीत. गावातल्या बचत गटाच्या बायकांना मी आधीच सांगून ठेवणार आहे. ठरावाला सूचक-अनुमोदक आम्ही होऊ. अर्ज लिहायला कुणी हवं असेल तर निरोप द्या, मी येते.

आपली,
पनवेल तालुक्यातली एक ग्राहक