डिलीटची पट्टी आणि सातबारा

आजची नोंद पिकाची नाही, घरातल्या कॉम्प्युटरची आहे. तरी वाचा. मातीपरीक्षणाचे अहवाल, पावसाच्या नोंदी, फवारणीची वही, पीक विम्याचे फोटो, सगळं आता याच डब्यात असतं. डबा भरला की काहीतरी डिलीट करावं लागतं, आणि त्या वेळी पडद्यावर जी हिरवी पट्टी सरकते तिच्या बोलण्यावर जाऊ नका.

आमचा गाव उसाच्या पट्ट्यात, त्यामुळे बिबट्याचा वावर कायमचा. शेळ्यांच्या गोठ्यावर कॅमेरा लावलाय. काही हललं की तो फोटो काढतो, आणि ते फोटो कॉम्प्युटरात साठतात. दीड वर्षात १ लाख १८ हजार फोटो झाले, साधारण २२ जीबी. बिबट्याचे होते तेवढे निवडून पेनड्राईव्हवर घेतले, कारण शेळी गेलीच तर पंचनाम्याच्या वेळी ते कामाला येतात. बाकी सगळं मांजर, शेळ्या आणि वाऱ्यानं हलणारं गवत. ते काढायला घेतलं.

पट्टी म्हणाली, ३ मिनिटं शिल्लक. थोड्या वेळानं म्हणाली, २ तास. मग ४० मिनिटं. शेवटी ९९ टक्क्यांवर येऊन जी थांबली ती थांबलीच. पुतण्या म्हणाला, "काका, हँग झालाय. बटण दाबून बंद करू का?" म्हटलं, "थांब रे, आधी डिस्क चालूय का बघू."

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, आणि त्यात डिस्क. तिथला आलेख वर-खाली होत होता, म्हणजे काम चालू होतं. मोटर चालूय का हे आपण स्टार्टरच्या दिव्यावर सोडत नाही, पाईपला हात लावून बघतो. तसंच हे. आम्ही चहा घेतला, परत येईपर्यंत काम उरकलं होतं.

पण पट्टी असं का करते हे डोक्यातून जाईना. मग दुसऱ्या दिवशी प्लॉट पाडतो तशी चाचणी घेतली, एका वेळी एकच गोष्ट बदलून.

पहिली चाचणी: ४ जीबीचा एकच व्हिडिओ कायमचा डिलीट केला. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच गेला.

दुसरी चाचणी: तेवढ्याच ४ जीबीचे २० हजार बारके फोटो. सहा मिनिटांच्या वर लागले.

वजन सारखं, वेळ वेगळा. कारण सोपं आहे. फाईल काढताना कॉम्प्युटर तिच्यातला मजकूर पुसत बसत नाही, आपल्या नोंदवहीतली तिची नोंद कमी करतो. व्हिडिओची नोंद एक, फोटोंच्या नोंदी २० हजार. कापूस वेचणीसारखं आहे. बोंडं किती त्यावर हात किती वेळा फिरणार हे ठरतं, किलो किती त्यावर नाही. त्यात अँटिव्हायरस प्रत्येक फाईलकडे डोकावत असेल तर आणखी वेळ.

मग पट्टीचा अंदाज का चुकतो? कारण काम थोडंच झालेलं असतानाच ती बोलायला लागते. वेग धरते शेवटच्या काही क्षणांचा. निम्मं रान न बघता एकरी उतारा सांगितल्यासारखं. पुढं रान कसं लागतंय तसा तिचा आकडा बदलतो.

तिसरी चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. साधं डिलीट करण्याआधी ड्राईव्हवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमधली रिकामी जागा लिहून घेतली. डिलीट झाल्यावर परत पाहिली. होती तेवढीच! फाईली गेल्या होत्या त्याच ड्राईव्हच्या रिसायकल बिनमध्ये. खळ्यावरून पोती उचलून ओसरीत ठेवली, घर काही मोकळं झालं नाही. बिन रिकामा केला तेव्हा जागा सुटली. पेनड्राईव्हचं मात्र उलट आहे. तिथं साधारणपणे बिन नसतो, डिलीट म्हणजे थेट गेलं. ज्यांचे हिशेब पेनड्राईव्हवर आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा.

आता लाईटीचं. मध्येच लाईट गेली किंवा कॅन्सल दाबलं तर? बिनमध्ये न टाकता थेट काढत असाल तर गेल्या त्या गेल्या, राहिल्या त्या राहिल्या. विंडोजच्या आतल्या डिस्कवर बहुधा एनटीएफएस पद्धत असते. ती बदलांची कच्ची नोंद आधी ठेवते, म्हणून नोंदवही सहसा शाबूत राहते. पेनड्राईव्हवर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते, तिथं अशी कच्ची नोंद नसते. म्हणून काम चालू असताना पेनड्राईव्ह उपटू नका.

आणि शेवटचं, ज्यासाठी एवढं लिहिलं. बिन रिकामा झाला, पट्टीही गेली, तरी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मजकूर तसाच पडून असतो. फक्त ती जागा मोकळी म्हणून लिहिली जाते. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं म्हणून रानातली विहीर बुजत नाही. दुसरी फाईल त्या जागेवर लिहिली जाईपर्यंत जुनी परत काढता येते.

याचे दोन अर्थ. चुकून कामाचं काही गेलं तर त्या डिस्कवर नवीन काहीही न टाकता थांबा आणि जाणकाराकडे न्या, मिळण्याची आशा असते. एसएसडी असेल तर आशा फार कमी, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःच लवकर साफ करून टाकते.

दुसरा अर्थ जास्त महागात पडणारा. जुना कॉम्प्युटर भंगारात किंवा कुणाला देताना नुसतं डिलीट करून देऊ नका. आपल्या घरात एकट्याची कागदपत्रं नसतात. सगळ्या भावकीची आधार कार्डं, बँक पासबुकं, फेरफार एकाच फोल्डरमध्ये असतात. विंडोज १० आणि ११ मध्ये 'रिसेट धिस पीसी' आहे. त्यात सगळं काढायचा पर्याय घ्या आणि पुढं ड्राईव्ह साफ करण्याचा पर्यायही चालू करा. तास लागतील, लागू द्या. डिस्क बिघडलेली असेल तर ती काढून घ्या आणि मगच डबा द्या.

थोडक्यात:
१. हजारो बारक्या फाईली असतील तर थोड्या थोड्या करून काढा.
२. पट्टी थांबली तर आधी डिस्कचा आलेख बघा. तो बराच वेळ शून्यावर असेल तरच कॅन्सल करा.
३. जागा सुटली का ते पट्टीला विचारू नका, प्रॉपर्टीजमध्ये बघा.
४. डिलीट करायच्या आधी कामाच्या फाईलींची प्रत दुसरीकडे ठेवा आणि ती उघडून बघा.

पट्टी नोंदवहीचं सांगते, रानाचं नाही. रान आपणच फिरून बघायचं.