अंथरूण पाहून

उशीवरून आमच्या घरात कधी भांडण होईल असे मला वाटले नव्हते. पण ते झाले, आणि तेही लग्नाला अठरा वर्षे उलटून गेल्यावर.

तीन वर्षांपूर्वीची, डिसेंबरातली गोष्ट. कॉलेजच्या मुलांना घेऊन मी रतनवाडीला निघालो होतो. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी हे गाव आहे. मुक्काम दोन रात्रींचा आणि तंबूतला. मी पिशवी भरीत होतो. मध्येच काही आणायला आत गेलो आणि येऊन पाहतो तो पिशवीतून एक पांढरा कोपरा डोकावतो आहे. रोजच्या वापरातली माझी उशी!

"डोंगरात उशी?" मी म्हणालो.

"डोंगरात डोके नेणार आहात ना?" ती म्हणाली. "मग उशीने काय पाप केले?"

वर्गात पन्नास मिनिटे बोलण्याची सवय असलेल्या माणसालाही घरात कधीकधी उत्तर सुचत नाही. मी गुपचूप उशी बाहेर काढली. तिने ती पुन्हा घातली. मी पुन्हा काढली. अखेर उशी घरी राहिली आणि मी निघालो.

आता खरे कारण सांगायला हरकत नाही. मला उशीची लाज वाटत होती. बावीस मुले-मुली पाठीवर पिशव्या टाकून चाललेली, आणि त्यांचा प्राध्यापक काखेत उशी मारून त्यांच्यामागून चालला आहे, हे चित्रच मला सोसवेना. शिवाय या बाबतीत माझी एक जुनी पुण्याई होती. बाविसाव्या वर्षी आम्ही चौघे मित्र हरिश्चंद्रगडावरच्या एका गुहेत झोपलो होतो. खाली दोन वर्तमानपत्रे, दोघांत मिळून एक चादर आणि डोक्याखाली स्वतःचाच हात. सकाळी उठलो तेव्हा उन्हे अंगावर आली होती आणि वर्तमानपत्रातला अग्रलेख माझ्या दंडावर उमटला होता. त्या झोपेची बढाई मी पुढे पंचवीस वर्षे मारीत आलो. ती झोप काही आमची कमाई नव्हती. वयाने दिलेली ती बक्षिसी होती. पण तरुणपणी माणूस बक्षिसीलाही पगारच समजतो.

रतनवाडीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अमृतेश्वराचे ते जुने, कोरीव मंदिर पाहिले, वर आभाळात घुसलेला रतनगड आणि त्याच्या माथ्यावरचे नेढे मुलांना दाखवले. तंबू ठोकायला मी पाण्याजवळची छान सपाट, हिरवी जागा निवडली. दृश्य म्हणाल तर कॅलेंडरवर छापावे असे! जेवणे झाली, गाणी झाली, चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. मी माझी पातळ सतरंजी अंथरली, वर स्लीपिंग बॅग पसरली, बुटांवर टॉवेल गुंडाळून त्याची उशी केली आणि "शुभ रात्री" म्हणून तंबूची चेन ओढली.

त्या रात्रीला शुभ म्हणणे हा मात्र शब्दांचा अपव्यय होता.

साडेदहाला उजव्या खुब्याने तक्रार केली, म्हणून डाव्या कुशीवर वळलो. अकराला डाव्याने केली. उताणा झालो तर कंबर आणि जमीन यांच्यामध्ये एक पोकळी राहिली आणि तिच्यातून गार वारा वाहतो आहे असे वाटू लागले. पाहता सपाट दिसलेल्या त्या जागेला बारीकसा उतार होता. मी दर अर्ध्या तासाने वीतभर खाली घसरत होतो आणि तंबूच्या कापडाला टेकत होतो. ते कापड आतून ओले झाले होते. बारा वाजता थंडी वाजू लागली. आणि ही थंडी वरून येत नव्हती, खालून येत होती. अंगावर होते नव्हते ते सगळे घातले, पण खालच्या बाजूने गारठा हाडांत शिरतच राहिला. त्यातच त्या दोन कप चहांनी आपले अस्तित्व जाहीर केले. बाहेर पडायचे म्हणजे चेन वाजणार, मुले जागी होणार, "सर, काय झाले?" असे विचारणार. त्या भीतीने मी तासभर तसाच पडून राहिलो. पलीकडच्या तंबूतून घोरण्याचा आवाज येत होता. एवढा हेवा मी आयुष्यात कोणाच्या पदव्यांचाही केला नसेल!

पहाटे तीनच्या सुमारास एक विचार मनात आला आणि तो त्या थंडीपेक्षाही बोचरा होता. आता पुरे. हे शेवटचे. यापुढे डोंगर पाहायचा तो खालूनच, आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परतायचे. चष्मा लागला तेव्हा मला म्हातारे झाल्यासारखे वाटले नव्हते, केस पिकले तेव्हाही नाही. त्या रात्री मात्र वाटले.

सकाळी ज्यांच्याकडे आमच्या जेवणाची सोय होती ते घरधनी चहा घेऊन आले. सत्तरीच्या पुढचे, काटक. माझ्याकडे एकदा आणि माझ्या तंबूकडे एकदा पाहून म्हणाले, "मास्तर, रातच्याला झोप नाय लागली जनू?"

"थंडी फार होती, बाबा."

"थंडी व्हतीच. पर तुमी तिच्याच घरात जाऊन निजलात, त्याला ती काय करनार?"

मग त्यांनी मला समजावून सांगितले. रात्री गार हवा जड होऊन पाण्यासारखी उतारावरून खाली येते आणि खोलगट जागेत साचून राहते; मी निवडलेली जागा म्हणजे त्या हवेचे तळेच होते. चार पावले वर, झाडाच्या आडोशाला गेले तर दव कमी आणि ऊब जास्त. "आनि भुई अंगातली ऊब वढून घेती," ते म्हणाले. "वरून कितीबी पांघरा, खाली काय न्हाई तर काय न्हाई."

पुढे एका भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने मला हेच शास्त्रीय भाषेत सांगितले. ऊब धरून ठेवतो तो कापूस नव्हे, कापसात अडकून पडलेली हवा. आपण अंगाखाली कापूस दाबला की ती हवा निघून जाते आणि महागातली स्लीपिंग बॅगही पाठीखाली साध्या चादरीच्या लायकीची होते. म्हणून अंगावरच्या पांघरुणाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, काळजी अंगाखालच्या अंथरुणाची घ्यायची. त्या सहकाऱ्याला हे कळायला पदवी लागली. रतनवाडीच्या बाबांना भाताचे खाचर पुरले.

त्या दिवशी संध्याकाळी बाबांनी तंबू वरच्या अंगाला हलवायला लावला. आधी मला दिवसाउजेडी नुसत्या जमिनीवर आडवे व्हायला सांगितले. डोळ्यांना न दिसणारा उतार पाठीला लगेच कळतो. डोके चढाकडे ठेवायचे, हे ठरले. मग त्यांनी भाताच्या पेंढ्याचे दोन मोठे भारे आणले. नुकतीच मळणी झालेला, कोरडा, उन्हाचा वास असलेला पेंढा. तो हातभर उंच पसरला. अंगाच्या भाराने दबून तो चार बोटे उरला. त्यावर घोंगडी टाकली. खुबा आणि खांदा जिथे टेकतील तिथला पेंढा त्यांनी मुठीने थोडा बाजूला सारून खळगे केले. "आता निजा," म्हणाले. बावीस मुले भोवती उभी राहून पाहत होती. मला वाटले, आता हसतील. पण एक मुलगी म्हणाली, "सर, आम्हाला पण मिळेल का हो थोडा पेंढा?"

त्या रात्री मी झोपलो. हरिश्चंद्रगडावरची ती झोप नव्हे. ती आता यायची नाही. वय वाढते तसा गाढ झोपेचा वाटा कमी होतो आणि मधूनमधून जाग येते, हा देहाचा धर्म आहे. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. दोनदा जाग आली. पण त्या जागेपणात दुखणे नव्हते, गारठा नव्हता. पहिल्या खेपेला मी मुकाट्याने उठून बाहेर जाऊन आलो. कोणीही जागे झाले नाही. तासभर सोसत पडण्यापेक्षा दोन मिनिटांचे उठणे किती सुखाचे असते, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळले.

गेल्या तीन वर्षांत मी या विद्येत बरीच भर घातली आहे. संध्याकाळनंतर चहा नाही. पाणी प्यायचे ते दिवसा. झोपताना दिवसभराचे घामट कपडे बदलून कोरडे घालायचे, पायांत कोरडे मोजे, डोक्याला कानटोपी. झोपण्याआधी चिक्कीचा एखादा तुकडा खावा. पोटात काही जळत असले की अंग तापते. गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवावी. शेगडी किंवा निखारे मात्र तंबूत कधीही न्यायचे नाहीत. त्यांच्या धुराहूनही न दिसणारा वायू घातक असतो आणि झोपेतच माणूस जातो. थंडी असली तरी तंबूची झडप थोडी उघडी ठेवावी, म्हणजे आपल्याच श्वासाची वाफ कापडाला लागून पाणी होत नाही. फुगवायच्या गाद्या मिळतात, त्या मऊ खऱ्या. पण नुसत्या हवेच्या गादीतली हवा आत फिरत राहते आणि जमिनीचा गारठा वर आणते. तिच्यावर एक घोंगडी हवीच. कुशीवर झोपणाऱ्याने दोन गुडघ्यांमध्ये घडी केलेले जाकीट घ्यावे, कंबर दुवा देते. विजेरी आणि चपला दाराशी ठरलेल्या जागी असाव्यात, आणि पाय घालण्यापूर्वी चपला झटकाव्यात. विंचवालाही ऊब आवडते. आणि उशी? उशी घरचीच न्यावी.

पण मला सांगायचे होते ते हे नव्हे.

त्या खेपेहून घरी परतलो तो मोठ्या उत्साहात. चहा पिता पिता मी पत्नीला सगळी हकीकत सांगितली: पेंढा, घोंगडी, खुब्याचे खळगे. ती ऐकत होती. माझे बोलणे संपल्यावर ती एवढेच म्हणाली, "म्हणजे तिथे झोप लागते तर."

तिने ते सहज म्हटले असेल. पण माझा कप हातातच राहिला.

लग्न झाले त्या वर्षी तिने मला विचारले होते, "मी येऊ का तुमच्याबरोबर?" मी म्हणालो होतो, "छे! तिथे दगडावर झोपावे लागते. तुला झेपायचे नाही." दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा विचारले, मी तेच उत्तर दिले. तिसऱ्या वर्षी तिने विचारले नाही. पिशवी मात्र ती दर वेळी भरून देत आली. अठरा वर्षे मी ज्या कठीण अंथरुणाचा अभिमान बाळगला, त्याने माझी पाठ किती कणखर झाली कोण जाणे. पण त्या अंथरुणावर दुसऱ्या माणसाला जागा नव्हती, एवढे खरे. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण मी मुलांना कितीदा समजावून दिली असेल! अंथरूण थोडे रुंदही करता येते, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

ते लगेच बोलून दाखवण्याचा धीर मला झाला नाही. गेल्या वर्षी डिसेंबरात मी पिशवी काढली तेव्हा तिला म्हणालो, "तू येतेस?"

"झोप लागेल मला तिथे?" तिने विचारले. मग माझ्या उत्तराची वाट न पाहता ती आत गेली आणि दोन उश्या घेऊन आली.

बाबांनी पेंढ्याचे चार भारे काढून ठेवले होते. जेवणे लवकर आटोपून आम्ही आडवे झालो. ती दहा मिनिटांत झोपली. मी मात्र तिला गारठा तर लागत नाही ना, खुबा तर दुखत नाही ना, असा कान देऊन पडून राहिलो. केव्हा डोळा लागला कळले नाही.

जाग आली तेव्हा तीन वाजले होते आणि शेजारची जागा रिकामी होती. माझ्या काळजात धस्स झाले. बाहेर येऊन पाहिले, तर ती घोंगडी पांघरून एका दगडावर बसली होती. मृग पश्चिमेकडे कलला होता आणि रतनगडाच्या काळ्या कड्यावर चांदण्या दाटल्या होत्या. ईशान्येला सप्तर्षी चांगलेच वर आले होते.

"झोप नाही लागली?" मी भीतभीतच विचारले.

"लागली की. छान लागली," ती म्हणाली. "झोप झाली, म्हणून उठले. एवढे आभाळ तुम्ही एकटेच पाहत होता होय इतकी वर्षे?"

मी काही बोललो नाही. तंबूत गेलो आणि दोन्ही उश्या बाहेर घेऊन आलो.