पोच

अण्णांच्या लोखंडी ट्रंकेत अगदी तळाशी रेक्झिनची एक जाड फाइल होती. वर निळ्या शाईत, रेल्वेच्या रजिस्टरात लिहितात तशा गोल अक्षरांत एकच शब्द : पोच. आत अर्जांच्या दुसऱ्या प्रती. दिवाबत्ती, गटार, नळाचं गढूळ पाणी, मोकाट जनावरं, आणि घरपट्टीत एकदा चढून बसलेली, काही केल्या उतरेना अशी एक जास्तीची खोली. प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि कुणाची तरी घाईतली सही.

हे शिक्के कुठल्या कचेरीचे, ते सांगत नाही. नोकरी रेल्वेची, बदल्या व्हायच्या. बिऱ्हाड हललं की अर्जातल्या 'प्रति'खालचं गावाचं नाव तेवढं बदलायचं. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' कायम राहायचं, आणि गटारही.

अण्णा कार्बन ठेवून लिहीत. वरची प्रत सरकारची, खालची आपली. लहानपणी कधीकधी मी त्यांच्याबरोबर जाई. खिडकीपलीकडे शिक्क्याचं पॅड हटकून वाळलेलं. कारकून पाण्याच्या बाटलीच्या झाकणातून त्यावर दोन थेंब टाकायचा, शिक्का आधी स्वतःच्या तळहातावर मारून बघायचा, मग कागदावर. अण्णा त्या ओल्या जांभळ्या गोलावर फुंकर घालत, घडी न घालता कागद हातात धरून पायऱ्या उतरत. ''काम होईल तेव्हा होईल,'' म्हणत, ''पण अर्ज आलाच नाही, असं आता कुणाला म्हणता येणार नाही.''

आमचं घर दौंडचं, आजोळ शिरूरचं. आजोळची म्हातारी माणसं शिरूर म्हणत नसत, घोडनदी म्हणत. नदीचंच नाव गावाला. दोन्ही गावं पुणे जिल्ह्याच्या अगदी काठावर बसलेली : तिकडे घोड ओलांडली की नगर जिल्हा, इकडे भीमा ओलांडली की नगर जिल्हा. आता त्याला अहिल्यानगर म्हणायचं. घोड पुढे जाऊन भीमेलाच मिळते, हे शाळेत कळल्यावर मी आजोळी मामाच्या वहीची पानं फाडून होड्या सोडल्या होत्या. म्हटलं, परत गेल्यावर दौंडच्या घाटावर सापडतील.

दौंड रुळांनी घडवलेलं गाव. 1878 मध्ये इथून मनमाडकडे फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झालं. पुण्याहून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथं काढून दुसऱ्या टोकाला जोडत. पुढे तोंड करून बसलेल्या उतारूंना कळायच्या आत गाडी उलटी निघायची. पण ज्या रुळांनी गाव घडवलं त्यांनीच ते मधोमध चिरलं. अलीकडच्यांना पलीकडे जायचं तर रुळांखालून. त्या वाटेचं नाव कुरकुंभ मोरी. घरातली मोरी तुंबली तर बाई पदर खोचून काठी घेते आणि मोकळी करते. या मोरीला काठी कुणी लावायची? वर रूळ रेल्वेचे, खालून रस्ता गावाचा. नव्या मोरीचा विषय गावानं वर्षानुवर्षं चघळला. पावसाळ्यात तिथं पाणी साचलं की दुचाक्या, ट्रॅक्टर, शाळेच्या रिक्षा सगळ्या एकाच डबक्याकडे बघत उभ्या. अशा वेळी खासदारापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. मग पुढचा गिअर टाकतो, मागचे त्याच्यामागून निघतात, आणि मोरीपार झालेला माणूस मोरी विसरतो.

पाण्याचंही तसंच. दौंड भीमेच्या काठावर, पण त्या नदीत वरून मुळा-मुठेचं, म्हणजे पुण्यानं वापरून सोडलेलं पाणी येतं. म्हणून गाव नदीकडे पाठ करून पाणी पितं ते खडकवासल्याच्या कालव्याचं. कालव्याचं आवर्तन सुटलं की साठवण तलाव भरून घ्यायचा आणि पुढच्या आवर्तनापर्यंत पुरवायचा. 'आवर्तन' हा शब्द दौंडच्या बायकांना पाटबंधारे खात्यानं शिकवला. उन्हाळ्यात नळ कोड्यात बोलू लागला की आई म्हणायची, ''आवर्तन लांबलं वाटतं.'' संगीतातलं आवर्तन मला फार पुढे कळलं. तेव्हा पहिल्यांदा मनात आला तो रिकामा हंडा.

अण्णा निवृत्त झाल्यावर त्यांना नगरपरिषदेच्या सभेची विषयपत्रिका वाचायचा नाद लागला. ''पहिला विषय बघ,'' म्हणायचे. पहिला विषय नेहमी तोच : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागे काय झालं ते आधी कायम, मग पुढचं. त्यानंतर विषयांमागून विषय, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. शेवटी ऐनवेळचे विषय. आमच्या गल्लीतला दिवा त्या शेवटच्या ओळीत बसेल, अशी अण्णांची कायम आशा.

मग एक काळ असा आला की सूचकच उरले नाहीत. राज्यभर नगरपरिषदांच्या मुदती संपल्या. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला, निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक : प्रस्ताव मांडणाराही तोच, मंजूर करणाराही तोच. कामं थांबली नाहीत, कुठं कुठं भराभर झाली. पण चहाच्या टपरीवर ज्याला अडवून 'काय हो, आमच्या गटाराचं काय?' विचारावं, असा माणूस राहिला नाही. नगरसेवकाला शिव्या घालता येतात, हा त्याचा केवढा उपयोग होता, ते तेव्हा लोकांना कळलं. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्यायला सांगितलं, आणि 2 डिसेंबरला राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांसाठी मतदान झालं. प्रभाग पाडले ते 2011 च्या जनगणनेवरून, त्यानंतर मोजणीच नाही. त्या मोजणीत दौंड पन्नास हजारांच्या जरा आत, शिरूर चाळीस हजारांच्या आत. त्यानंतर उठलेल्या इमारती, रांजणगावच्या कारखान्यांसाठी आलेली बिऱ्हाडं, ही सगळी मतदार यादीत आहेत, शिरगणतीत नाहीत.

शिरूरची नगरपालिका 1868 ची. पण त्या गावच्या कारभाराची मला आवडणारी गोष्ट त्याहून जुनी आहे. तिथं कंपनी सरकारची छावणी होती. छावणीतला एक अधिकारी, कर्नल विल्यम वॉलेस, 1809 मध्ये वारला आणि तिथंच पुरला गेला. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद आहे की शिरूर आणि आसपासच्या गावांतले लोक त्याला सत्पुरुष मानत, त्याच्या थडग्याची पूजा करत, आणि सुगीला नव्या धान्याचा पहिला नैवेद्य त्याला नेत. म्हणजे साहेब जाऊन पाऊणशे वर्षं झाली तरी.

परक्या सरकारचा, परक्या धर्माचा अधिकारी. त्यानं असं काय केलं असेल? मला वाटतं, ऐकून घेतलं असेल. गावाला अधिकाऱ्याकडून फार मोठं काही नको असतं. समोरच्यानं मान वर करून बघावं, एवढ्यावरही माणसं देव करायला तयार असतात. अर्ज आणि नवस ही सख्खी भावंडंच. दोन्हीत आपण कुणापुढे तरी हात जोडतो, दोन्हीत 'हे एवढं झालं तर' असतं. फरक एवढाच, की नवसाला पोच मिळत नाही. आपलं म्हणणं पोचलं की वाटेतच राहिलं, हे देव कधी लिहून देत नाही. खिडकीपलीकडचा कारकून देतो, आवक क्रमांक घालून. म्हणून असेल, अण्णा देवळात क्वचित गेले, आणि कचेरीत मात्र नेमानं.

फाइलमधला शेवटचा कागद मी बऱ्याच उशिरा वाचला. तो तक्रारीचा नव्हता. विषय : 'दिवा लागल्याबाबत'. मजकूर तीन ओळींचा. गल्लीतल्या खांबावरचा दिवा काल सायंकाळपासून लागत आहे, मुलांना अभ्यासास बाहेर बसता येते, तरी आपले व आपल्या कर्मचाऱ्यांचे आभार.

आई सांगते, तो कागद घेऊन अण्णा गेले तेव्हा कारकून गोंधळला. रजिस्टरात रकाने होते : तक्रार, मागणी, हरकत, माहिती. ''हे कशात घेऊ, काका?'' अण्णा म्हणाले, ''कशातही घ्या, पण पोच द्या.''

शिक्का जरा तिरका बसलाय. आवक क्रमांकापुढे बारीक अक्षरांत कारकुनानं लिहिलंय : इतर.