नशा करणाऱ्यांचा पगार जास्त?!

अहो, हातातलं काम ठेवा आणि हे ऐका! मी ना अर्थशास्त्र शिकलोय, ना संख्याशास्त्र, पण रिग्रेशन नावाची ही चीज, म्हणजे कशाचा कशाशी किती संबंध ते आकड्यांतून काढायची पद्धत, मला झोपू देत नाहीये!

प्रश्न साधा. नशेमुळे पगार कमी होतो का? तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय! पण अमेरिकेत १९७९ साली १४ ते २२ वयाच्या १२,६८६ मुलामुलींची पाहणी सुरू झाली, आणि मग त्यांनाच पुन्हा पुन्हा गाठून शिक्षण, नोकरी, पगार विचारत राहिले, आणि मग १९८४मध्ये गांजा-कोकेनबद्दलही विचारलं, आणि मग अर्थतज्ज्ञ रॉबर्ट केस्टनर यांनी ते आकडे रिग्रेशनमध्ये घातले, आणि १९९१मध्ये निष्कर्ष छापला: जास्त नशा करणाऱ्यांचा पगार जास्त! जास्त!!

रिग्रेशनचं समीकरण तरी केवढंसं! एकीकडे पगाराचा लॉग (लॉगॅरिदम), दुसरीकडे शिक्षण, अनुभव आणि नशा. लॉग घेतला की उत्तर थेट टक्क्यांत! नशेपुढचा आकडा ०.०५ आला, तर फरक साधारण ५ टक्के! किती सुटसुटीत!

मग गांजा ओढला की पगारवाढ? छे! बघा ना, खिशात पगार आहे म्हणून नशा परवडते, असंही असेल! शिवाय ज्याची नोकरीच गेली त्याचा पगार आणायचा कुठून? तो हिशेबातच नाही! आणि धाडसी माणूस नशाही करून बघत असेल आणि पगारही भांडून घेत असेल, तर ते धाडस कुठल्या रकान्यात भरायचं?

आणि मग त्यावर एक युक्ती! माणसाची तुलना त्याच्याशीच! १९८४चा तो आणि १९८८चा तो! स्वभाव दोन्हीकडे तोच, म्हणून वजाबाकीत उडाला! कधी मोजलाच नव्हता, तरी वजा झाला!! केस्टनर यांनीच १९९४मध्ये हे करून पाहिलं, आणि तो ठाम ‘जास्त’ डळमळला. नशेचा प्रकार बदला, माणसांचा गट बदला, कुठे अधिक, कुठे उणे!

आणि मग १९९५मध्ये संशोधक डेनीस कँडेल आणि सहकाऱ्यांनी वय पाहिलं. विशीत नशा आणि जास्त पगार सोबत दिसतात, पस्तिशीच्या आसपास नातं उलटतं! अहो, १९८४मध्ये ती मुलं १९ ते २७ वर्षांचीच होती की! पुढचं आयुष्य त्या आकड्यांत यायचंच होतं!

आता तुम्हीही यात आलात! कुणी म्हणालं ‘अमुक करणारे जास्त कमावतात’, की आपण दोघांनी विचारायचं: तुलना कुणाशी? कुठल्या वयात? आणि ज्यांना पगारच नाही, ते कुठे गेले?