कावीची भिंत

गोमंतकातील आणि दक्षिण कोकणातील जुन्या घरांच्या व देवळांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या अशा दोनच रंगांत जी वेलबुट्टी, जे गणपती आणि जे घोडेस्वार दिसतात, त्या कावीकामाला नुसती चित्रे म्हटले तर त्या कारागिरीचा अर्धाच मान राखला जातो. कारण तेथे कुंचल्याने काही रेखलेले नसून लोखंडी सळईच्या टोकाने वरचा तांबडा थर खरवडून काढलेला असतो, आणि जेवढा तो निघाला तेवढाच खालचा शुभ्र चुना प्रकट होऊन आकृती सिद्ध होते.

शिंपले भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गूळ यांचे मिश्रण काही दिवस मुरवायचे, लोण्यासारखे मऊ होईतो कुटायचे, भिंतीवर चढवायचे, आणि ते ओले आहे तोच त्यावर काव, म्हणजे लोहयुक्त तांबडी माती, पातळ सारवून गुळगुळीत दगडाने घोटायची. मग रेखाटन, मग खरवड. आणि हे सारे गिलावा निबर होण्याच्या आत. मालकाची तातडी किंवा कारागिराची सवड येथे चालत नाही. मुदत ठरवण्याचा अखत्यार सर्वस्वी चुन्याकडे असतो. भट्टीत शिंपल्यांतून निघून गेलेला कर्बवायू हा चुना हवेतून हळूहळू परत घेतो, पुन्हा पाषाणरूप होतो, आणि तसे होताना अंगावरची माती आपल्यात बांधून घेतो. त्याच्या दाहक क्षारतेपुढे पानाफुलांचे रंग टिकत नाहीत, लोहमाती मात्र टिकते. तेव्हा या भिंतींवर तांबड्या रंगाचा जो एकछत्री अंमल दिसतो, तो दारिद्र्याने आलेला नाही, द्रव्याच्या स्वभावातून आलेला आहे.

मोरजीच्या मोरजाई मंदिरातील काम पुष्कळांच्या परिचयाचे आहे. पण माझे मन अधिक रमते ते घरांत, चौकटीवरच्या कमानीत आणि ओसरीच्या पट्टीत. कर्कटकाने आखलेली कमळे निर्दोष असतात, तरी मला प्रिय आहे तो वळणावर किंचित जाड झालेला वेल, कारण चुना आवळू लागल्याचे कारागिराच्या हाताला जेथे जाणवले, ते स्थान त्या जाडीत नोंदलेले असते. येथे भूषण भिंतीवर घातलेले नसते. भिंतीचेच शरीर भूषित झालेले असते. तैलरंगाला ही योग्यता नाही. कोकणच्या पर्जन्यकाळात भिंत ओल घेते आणि सोडते; तिच्यावर अभेद्य लेप बसला की ओल आत कोंडते, फुगवटे येतात आणि पोपडे सुटतात.

कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी या कलेचा ध्यास घेऊन तिची नोंद केली, हे त्यांचे आपल्यावर ऋण आहे. तरीही जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा भिंती पाडल्या जातात, आणि पाडलेली कावी दुसरीकडे बसवता येत नाही. निदान दुरुस्तीत तरी सिमेंटला मज्जाव असावा: त्याचे ठिगळ ओल अडवते, ती ओल शेजारच्या मऊ चुन्यातून वाट काढते, आणि तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठाशी साचून नक्षी आतून फोडतात. जेथे तडा गेला असेल तेथे चुनाच भरावा, तो मुरवलेला असावा, आणि त्याच्या मुरण्याला लागणारे दिवस मालकाने अंदाजपत्रकात आधीच धरावेत.