पाण्यामागचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, असे आपण म्हणतो. परंतु माणसाचे सारे बिऱ्हाड एका पिकअप गाडीच्या पाठीवर कसे बसते, हे मी वयाची साठी उलटल्यानंतर प्रथमच लक्षपूर्वक पाहिले. आणि ते पाहता पाहता माझ्या हातून फार वर्षांपूर्वी झालेली एक चूक मला दिसली.

यवतमाळ आणि हिंगोली या जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा नदीला अडवून इसापूरचे धरण बांधलेले आहे. पाऊस चांगला झाला की जलाशय तुडुंब भरतो. पुढे रब्बीसाठी कालव्यांना पाणी सुटते, ऊन चढू लागते आणि पाणी पावलापावलाने मागे सरकते. उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत कोणी गाळपेर करतात. मासेमार भोई मात्र आपले पाल उचलून पाण्यामागे जातात. रात्री जाळी लावायची, पहाटे ती ओढायची, आणि कटला, रोहू, मृगळ हे मासे बर्फाच्या चुऱ्यात घालून ऊन तापण्यापूर्वी बाजाराला धाडायचे. असे काम असणाऱ्याने पाण्यापासून दूर राहून कसे चालेल?

फाल्गुनातील एका दुपारी मी त्या काठाने चाललो होतो. माळावर पळस फुलला होता. एका मोडलेल्या पालाजवळ नवरा, बायको आणि बारा वर्षांचा मुलगा गाडीत सामान चढवीत होते. मला पाहताच तो गृहस्थ हातातले काम टाकून पुढे आला आणि वाकून म्हणाला, “गुरुजी, वयखलं काय?” मी ओळखले नव्हते. त्याने नाव सांगितले, तेव्हा तीसएक वर्षांपूर्वीचा सातवीचा वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला.

मी एका दगडावर बसलो. आयुष्यभर शिकविण्याची सवय. ती निवृत्तीने थोडीच जाते! मी म्हणालो, “अरे, बांबू आधी खाली घाल. बाकीचे सामान त्यावर नीट बसेल.” तो नुसता हसला आणि आपल्याच रीतीने गाडी भरू लागला. ओली, शिशाच्या गोळ्यांनी जड झालेली जाळी त्याने पोत्यांत भरून अगदी आत, चालकाच्या बाजूला लावली. त्यांवर थर्माकोलचा तराफा आणि माशांच्या रिकाम्या पेट्या ठेवल्या. मग पीठमीठ, भांडी व लोखंडी चूल. त्यावर ताडपत्रीची घडी. सर्वांत शेवटी बांबू लांबीने टाकून त्याने दोर आवळले, आणि मागे बाहेर आलेल्या टोकांना तांबडे फडके बांधले.

“गुरुजी,” तो म्हणाला, “जे शेवटी चढते, थे पयले उतरते. तिथं पोचाले सांज होते. पयले बांबू लागतीन, मंग ताडपत्री, मंग चूल. जाळे रातच्याले.”

मी मुकाट्याने मान हलविली. माझ्या सल्ल्याप्रमाणे गाडी भरली असती, तर अंधारात सारे सामान उपसावे लागले असते.

उत्तरेकडील थंड देशांत, कॅनडात किंवा फिनलंडमध्ये, हिवाळ्यात तळी गोठतात. तेथील लोक बर्फाला भोक पाडून त्यातून मासे धरतात. वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून घडीचे खोपटे गाडीत घालून बर्फावर नेतात. वसंत ऋतू जवळ आला की बर्फ पातळ होण्याच्या आत ते त्यांना हलवावेच लागते. तेथे पाणी घट्ट होते आणि पुन्हा वितळते, येथे ते मागे सरते आणि पावसाळ्यात परत येते. पण दोन्हीकडे मुक्काम केव्हा हलवावा, हे पाणीच ठरविते. एक फरक मात्र आहे. तेथील पुष्कळ लोक हौसेसाठी जातात. हे कुटुंब पोटासाठी जात होते.

सारे बांधून झाले, तरी मुलाच्या हातात दप्तर होतेच. बापाने ते घेतले आणि बांबूंच्या वर, दोराच्या गाठीत अडकविले. मी विचारले, “ते वर कशाला? पडेल ना!”

“नाई पडत, गुरुजी. गाडी थांबली का पयले दप्तरच उतरते. आमी पाल उभं करतो, तवरिक थो वाचून घेते. मंग उजेड राहात नाही.” क्षणभर थांबून तो हसतच म्हणाला, “माहं दप्तर जाळ्याखाली दबून जाये. आठ-आठ दिवस निंघेच ना.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मला ते वर्ष आठवले. त्याचा वर्गशिक्षक मीच होतो. तो दिवसेंदिवस येईना, तेव्हा हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा लिहून त्याचे नाव मीच तांबड्या शाईने खोडले होते. नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते. पण पाणी कोठवर सरले आहे आणि त्याचे पाल कोठे उभे आहे, हे मी एकदाही विचारले नव्हते. तीन कोस चालून गेलो असतो, तर कदाचित ते दप्तर जाळ्याखालून निघाले असते.

“उद्या शाळेत कसा जाशील, बाळ?” मी मुलाला विचारले.

“सायकल हाय ना, आजोबा! उद्या गणिताची चाचणी हाय.” गाडीच्या कडेला बांधलेली सायकल त्याने अभिमानाने दाखविली.

गाडी हलली. खाचखळग्यांतून ती डुलत निघाली, तसे ते दप्तरही डुलू लागले. पण गाठ पक्की होती. धुरळ्यात ते तांबडे फडके दिसेनासे होईपर्यंत मी तेथेच उभा होतो. मुलांना काय शिकवावे, याचा विचार मी जन्मभर केला. त्यांच्या घरच्या ओझ्यात दप्तराला जागा कोठे आहे, हे आधी पाहावे, एवढी साधी गोष्ट मात्र माझ्याच विद्यार्थ्याने मला त्या दुपारी शिकविली.