सोळावं पत्र
रात्रीचे साडेअकरा. सोळावा ईमेल लिहिला आणि पाठवण्याआधीच पुसून टाकला. 'सर, मला आपल्याकडे पीएचडी करायची आहे' हे कुणीही लिहील. त्यात त्यांच्या कामाबद्दल अवाक्षर नव्हतं. मग त्यांचा सच्छिद्र पदार्थांवरचा शोधनिबंध उघडला. दुसरी आकृती समजायलाच दोन तास गेले, पण एक खरा प्रश्न सुचला. पत्राची सुरुवात आता त्यानंच केली आहे.

जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप, हाती आहे. २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, वर घरभाडं. दोन वर्षांनी तिची एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, झाली की ४२,०००. बाबांनी विचारलं, "म्हणजे शिकायचे पैसे मिळतात?" हो बाबा, काम आहे ते. नेदरलँड्समध्ये तर अनेक पीएचडीचे विद्यार्थी विद्यापीठाचे पगारी नोकरच असतात.

पण फेलोशिप म्हणजे जागा नव्हे. मार्गदर्शकाकडे जागा रिकामी हवी, रसायनांना आणि उपकरणांना प्रकल्पाचा निधी हवा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर वर्षभराची वणवण वाचली असती. आणि पाच वर्षं ज्यांच्या हाताखाली काढायची, ते कसे आहेत? ते त्यांच्या विद्यार्थ्यांनाच ठाऊक. उद्या त्यांच्यातल्या एकीला फोन करणार आहे.